कार्टूनमधली बाई

"मम्मी, ती आली! ती मला पातेल्यात घालती!"

समृद्धीच्या किंकाळीनं दवाखान्याची बाहेरची खोली गप्प झाली. हातात सुईचा ट्रे घेऊन आतून आलेली पार्वतम्मा जागीच थबकली. उमरग्यात हायवेला लागून असलेल्या या लहान मुलांच्या दवाखान्यात ती कित्येक वर्षं मावशी म्हणून कामाला होती. सुईला भिणारी पोरं तिनं पुष्कळ पाहिली होती. पण ही चार वर्षांची पोर सुईकडं बघतच नव्हती. ती पार्वतम्माच्या तोंडाकडं बघत होती.

भिंतीवरच्या टीव्हीवर डॉक्टरांनी पोरांसाठी जुनी विलायती कार्टूनं लावली होती. आत्ता त्यात जाड ओठांची, कोळशासारखी काळी माणसं एका गोऱ्या पोराला बांधून चुलीवरच्या भल्यामोठ्या पातेल्याकडं नेत होती. पार्वतम्मानं ही कार्टूनं येता-जाता पाहिली होती. त्यांत काळं माणूस आलं, की ते कुणाला तरी खायला निघायचं, नाहीतर पांढरे डोळे वटारून पळत सुटायचं. पोरं हसायची. तीही हसली होती. त्यांचा रंग आपलाच आहे, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

"अगं, मावशी हायत त्या," समृद्धीची आई सोनाली ओशाळून म्हणाली.

"ये लेकरा, म्या काय करत न्हाय."

पार्वतम्मा एक पाऊल पुढं आली मात्र, पोर आईच्या हाताला हिसडा देऊन उघड्या दारातून अनवाणी बाहेर पळाली.

सोनालीच्या मांडीवर तान्हं होतं. तिला उठायलाच वेळ लागला. ट्रे टाकून पार्वतम्मा धावली.

"थांब गं अव्वा, लेकरा! गाड्या हायत!"

पोरीनं मागं वळून पाहिलं, आणि ती आणखी जोरात पळू लागली, थेट डांबरी रस्त्याकडं. सोलापूरकडून ट्रक येत होता. आपण जितकं धावू, तितकी ही पुढं जाणार, हे पार्वतम्माला कळलं.

ती थांबली. पाठ फिरवली, पदर तोंडावर ओढला आणि धुळीत खाली बसली.

मागं हॉर्न वाजला. ब्रेक करकचले. सोनालीच्या चपला फटफटत शेजारून गेल्या. मग काहीच ऐकू येईना. वळून बघायचं तिचं धाडस झालं नाही.

आणि मग पोरीचं रडणं ऐकू आलं.

"मावशी, आज तुम्ही आतच थांबा," नंतर डॉक्टर म्हणाले.

"थांबते. पण ते कार्टून बंद करा, डॉक्टर."

"अहो, लई जुनं आहे ते. गंमत असते."

"लेकराला खरं वाटलं की. तिच्या डोळ्यांत म्या बघितलं. मलाच माझं भ्या वाटलं."

डॉक्टरांनी टीव्ही बंद केला.

पोरीचा तळवा काचेनं कापला होता. ती कुणालाच पायाला हात लावू देत नव्हती. रडून रडून ती आईच्या खांद्यावर झोपली, तेव्हा पार्वतम्मा चोरपावलांनी आली. खाली बसून तिनं जखम पुसली, औषध लावलं, पट्टी गुंडाळली.

"मावशी, बसा की जरा," सोनाली हळूच म्हणाली.

पोरीच्या पापण्या हलल्या. पार्वतम्मानं घाईनं गाठ मारली, आणि ते डोळे उघडायच्या आत ती दाराआड झाली.