महादेवपुऱ्याची पट्टी

शिवलीलाअक्कांनी कुंकवाच्या जुन्या डबीतून बोटभर लांबीची कागदाची पट्टी चिमट्याने उचलली आणि यशश्रीच्या टेबलावर, काचेच्या बशीत ठेवली.

"हे काय, अक्का?"

"महादेवपुरा-चौदा. गेल्या महिन्यात वाफेत उकडून फेकलंत ना, तेच, पट्टीवर वाळवून ठेवलेलं."

यशश्री खुर्चीत जरा मागे सरकली. पुण्याहून इथे येऊन तिला दोनच वर्षं झाली होती, आणि डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूंचा संग्रह आता तिच्या ताब्यात होता. अक्का याच प्रयोगशाळेतल्या जुन्या तंत्रज्ञ. निवृत्त होऊन सतरा वर्षं झालेली. चौदा नंबर फेकल्याचं त्यांना देवाप्पाने, इथल्या शिपायाने, फोनवर सांगितलं होतं.

"अक्का, ते डुप्लिकेट होतं. सात जनुकं तपासली, आपल्या मुख्य वाणाशी सातही मॅच झाली. एकच घराणं. फ्रीजमध्ये जागा नाही, मग दोन कशाला ठेवायचे?"

"पत्रिका छत्तीस गुणांनी जुळली म्हणून नवरा कामाला जातोच असं नाही, यशश्री. विष त्या सातांत आहे?"

विषाची जनुकं डीएनएच्या वेगळ्याच एका गोल कड्यावर असतात, हे यशश्रीलाही ठाऊक होतं.

"मग अळ्यांना विचार. स्वल्प पाणी आणि वीस वीस अळ्या, एवढंच लागतं. अळ्या मी आणते, आमच्या गच्चीवरच्या पिंपात हव्या तेवढ्या आहेत."

शहाऐंशी साली पदर खोचून, महादेवपुऱ्याच्या तळ्यातल्या गुडघाभर चिखलात उतरून अक्कांनी चौदा नंबर ज्यात सापडला तो गाळ काढला होता. लोक त्या तळ्याला कुंटे म्हणत. काठाला चिंच, पाण्यात म्हशी, आणि चिंचेखालचा एक कोपरा असा, की तिथे अळ्या टिकतच नसत. आता तिथे काचेची इमारत आहे आणि कुंट्याच्या जागी तीन मजले खोल पार्किंग. पुन्हा गाळ काढायला जागाच उरलेली नाही.

पट्टीवरचे जिवाणू वाढायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी दोन पेले भरले. सहाव्या दिवशी सकाळी अक्का देवाप्पाच्याही आधी दारात उभ्या होत्या.

पट्टीच्या पेल्यात वीसही अळ्या तळाशी पडल्या होत्या. शेजारच्या पेल्यात मुख्य वाण होता. तिथल्या अळ्या झटके देत वर येत होत्या, श्वास घेऊन पुन्हा खाली जात होत्या. त्या जिवंत अळ्या यशश्रीने तीनदा मोजल्या. वीस.

"पण घराणं तर एकच आहे."

"आहेच. पण पट्टीवरचा झोपून होता; मुख्य वाणाला दर तीन महिन्यांनी नवी नळी, नवं खाद्य. आयतं मिळत असेल तर विष कोण सांभाळत बसेल? आम्ही नळी बदलली की आधी अळ्यांना चाखवायचो. आमच्यानंतर कुणी चाखवलं?"

यशश्रीने नोंदणीचा अर्ज पुढे ओढला. वाण संग्रहात परत घ्यायचा तर तो कुठून आला, ते लिहावं लागणार होतं.

"जुन्या साठ्यात सापडला, असं लिहिते," ती हळू आवाजात म्हणाली. "इथलं काही नेलं नाही म्हणून तुम्ही निवृत्तीच्या वेळी सही केली होती. पेन्शन अडकवतील, अक्का."

"सापडला नाही तो. वाण नळीत आहेच, ही पट्टी फेकूनच दे, असं तेव्हाचे साहेब म्हणाले होते. मी पदरात बांधून चोरून नेला. तसंच लिही."

"चोरून?"

"चोरून. आणि नाव पूर्ण लिही. शहाऐंशीच्या कागदावर फक्त साहेबांचं होतं."

यशश्रीने तसंच लिहिलं.

अक्कांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. आपल्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि खाली सावकाश, वळणदार सही केली.

"सरी, ठीक झालं," म्हणत त्यांनी जिवंत अळ्यांचा पेला उचलला आणि पट्टीच्या पेल्यात रिता केला.

"उद्या मोजायला येते."