संगमरवरावरचा पत्ता

ही गोष्ट २०२४ सालची. परभणी जिल्ह्यातल्या बोरीच्या अलीकडच्या एका गावात विहारामागे मुलांसाठी अभ्यासिका बांधायला काढली होती. भिंती उभ्या राहिल्या आणि स्लॅबपाशी काम अडलं. तेव्हा बंगळुरूला नोकरी करणाऱ्या संघप्रियाने, म्हणजे गावच्याच लेकीने, फार पूर्वी घेऊन ठेवलेलं थोडं बिटकॉइन विहाराला दान दिलं. "लागेल तेवढं विका, राहिलेलं वाढू द्या," एवढंच म्हणाली. त्यासाठी विहाराचा म्हणून एक फोन घेतला, त्यात बिटकॉइनचं पाकीट उघडलं, आणि तो सांभाळायचं काम आलं बुद्धभूषणकडे.

बुद्धभूषण जिंतूरला कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. आई-बाप लहानपणीच गेले, तेव्हापासून त्याला धम्मशीलाबाईंनी, त्याच्या आत्याने, वाढवलेलं. बाई गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. निम्म्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवलेली, त्यामुळे निम्मं गाव त्यांचं ऐकायचं. उरलेलं निम्मं दत्तरावांचं.

दत्तराव विहार समितीचे सचिव, सगळी नोकरी सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात गेलेली. दान दिलं की देणाऱ्याचं नाव कोरायचं, ही तिथली रीतच. विहारातल्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा कुणाच्या तरी आजोबांचं नाव आहे. पण संघप्रियाला नाव नको होतं.

"नाव नको तर ऱ्हाऊ द्या, बिटकॉइन ज्या पत्त्यावर आलं त्यो पत्ता कोरा," दत्तराव म्हणाले.

"काका, हा घराच्या पत्त्यासारखा पत्ता नसतो," बुद्धभूषण म्हणाला. "एकदा यातून खर्च केला की..."

"पत्ता हाय ना? मग लावायचा."

आणि खरोखरच त्या इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक आगगाडी संगमरवरावर कोरून घेतली. कोरणारा अक्षरागणिक पैसे घेत होता, म्हणून तो तेवढा खूश. वर ठळक ओळ टाकली, 'दान येथे जमा आहे'. धम्मशीलाबाईंनी कपाळाला हात लावला, पण दगड भिंतीत बसला होता.

तो पत्ता टाकला की शिल्लक दिसते, हे दत्तरावांना कुणीतरी फोनवर दाखवून दिलं. मग रोज सकाळची वंदना झाली, की ते चष्मा कपाळावर सारून बघायचे आणि सगळ्यांना सांगायचे, "हाय. जागेवर हाय."

स्लॅबसाठी समितीने त्यातलं निम्मं विकायचं ठरवलं. बुद्धभूषणने विकलं, रुपये विहाराच्या खात्यात आले, स्लॅबचं काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी वंदनेनंतर दत्तरावांनी चष्मा वर सारला आणि ओरडलेच, "शून्य!"

पुढे त्यांनी आणखी शोधलं. त्या पत्त्यावरून दोन वाटा फुटल्या होत्या. एक गेली विकत घेणाऱ्या कंपनीकडे. दुसरी, तितकीच, कुठल्याशा अनोळखी पत्त्यावर. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पोराने निम्मं हाणलं. समितीने सांगितलं, रविवारी खुलासा करायचा, नाहीतर सोमवारी पोलिसांत अर्ज.

"तो दुसरा पत्ता कुणाचा?" बाईंनी अंगणातच त्याला धरलं.

"आपलाच, आत्या. विहाराचा."

"मग दगडावर का नाही?"

"तो तेव्हा नव्हता. खर्च करताना पाकिटाने आपणहून नवा काढला."

"तुला विचारून?"

"विचारत नाही ते."

"तुला न विचारता विहाराचं दान नव्या घरात जाऊन बसतं, आणि तू मला सांगतोस आपलंच आहे! भूषण, मी चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलाय. असली उत्तरं देणाऱ्याला बाकावर उभं करायचे मी."

त्याने पाचशेची नोट काढली. "ही फाडून अर्धी देता येते का? पूर्ण द्यावी लागते, आणि उरलेले परत येतात."

"परत येतात ते माझ्याच हातात येतात! दुसऱ्याच्या दारात नाही!"

"आत्या, पत्ता म्हणजे दार नाही..." तो खाली बसला. "जाऊ दे. तुला पटत नसेल तर दत्तरावकाकांना काय पटणार? करू देत अर्ज."

त्याचा पडलेला आवाज ऐकून बाईंचा राग एकदम ओसरला. क्लासमधल्या दोन पोरांच्या बापांनी त्याच दिवशी नावं काढून घेतली होती, हे त्यांना ठाऊक होतं. त्या चिडून चिडून विचार करत बसल्या. पूर्ण द्यायचं, उरलेलं दुसरीकडे, तरी आपलंच. असं कुठे असतं?

आणि त्यांना पेव आठवलं.

त्या परकरात असताना पाटलाच्या वाड्यापुढे जमिनीत पेवं होती. हंडीसारखे खड्डे, आतून काडाचं अस्तर, गळ्यापर्यंत ज्वारी, वरून माती. पेव फोडलं की आधी दिवा सोडून हवा बघायची. दिवा टिकला, की बाईंचे वडील दोराने आत उतरायचे, कारण आत उतरायचं काम महारवाड्याचंच. आणि फोडलेलं पेव कधी अर्धं ठेवत नसत. वारा लागला की ज्वारी नासायची. दोनच पोती हवी असली तरी अख्खं उपसायचं. द्यायची ती दारातच मापून द्यायची, उरलेली घरातल्या कणगीत. पेव रिकामं, पण ज्वारी पाटलाचीच.

रविवारी विहारात बसायला जागा नव्हती. बाईंनी उभं राहून हे सगळं सांगितलं. "हा दगड म्हणजे पेव. फोडलं, संपलं. उरलेलं कणगीत आहे."

म्हातारी माणसं मान डोलवू लागली. दत्तराव हलले नाहीत. "बाई, कणगी पाटलाच्या घरात होती. ही कुणाच्या घरात हाय?"

"ज्याच्याकडे किल्ली त्याची," बुद्धभूषण म्हणाला. "किल्ली विहाराच्या या फोनमध्ये आहे. त्या दुसऱ्या पत्त्यावरून चिमूटभर काढून दगडावर पाठवतो. ते दुसऱ्या कुणाचं असतं तर या फोनमधून मला हात लावता आला असता का?"

त्याने सगळ्यांसमोर पाठवलं. दत्तरावांनी चष्मा वर सारला. "आलं! दगडावर आलं!" लोकांनी 'साधू, साधू' म्हटलं. बाई खाली बसल्या, तेवढ्यात दत्तरावांचा आवाज पुन्हा चढला. "थांबा! त्या दुसऱ्यावर आता शून्य हाय! बाकीचं तिसरीकडेच चाललंय!"

पुन्हा कल्लोळ. धम्मशीलाबाई ताडकन उठल्या. "दत्तराव, आत्ताच सांगितलं ना मी? कणगीसुद्धा फोडली, मग उरलेलं दुसऱ्या कणगीत! किती वेळा सांगू? पेव तुमच्या डोक्यात आहे की डोकं पेवात आहे?"

"बाई, म्या आपलं जे दिसायलाय ते बोलायलोय."

"त्यास्नी घरात चहाची साखर सापडत न्हाई," मागून त्यांची बायको पंचफुला म्हणाली, "आन् हे बिटकॉइन हुडकायलेत." सगळा विहार हसला. दत्तराव सोडून.

"भूषण," बाई थकून म्हणाल्या, "सगळं एकाच जागी येईल का? दगडावर?"

"येईल. सगळंच पाठवलं की उरत काही नाही. पण आत्या, पुढच्या खर्चाला परत हेच होणार."

"होऊ दे. आज यांचे डोळे निवू देत."

त्याने पाठवलं. दगडावर सगळं परत दिसलं. वाटखर्चाला थोडं कमी झालं, त्यावरही दत्तरावांनी प्रश्न विचारलाच. मग त्यांनी घसा खाकरला. "हाय. जागेवर हाय. अर्जाची गरज न्हाई." एवढंच. तुझी चूक नव्हती, हे कुणीच म्हणालं नाही. बुद्धभूषणने फोन त्यांच्यापुढे ठेवला, आत्याच्या पाया पडला आणि बाहेर गेला.

पुढे फरशी आणि कपाटांची वेळ आली, तेव्हा दत्तरावांनी गावातल्या एका पोराकडून शिकून सगळंच एका दमात विकून टाकलं. उरलंच नाही तर जायचं कुठे, हा त्यांचा हिशेब. नंतर भाव बराच वर गेला, तेव्हापासून पंचफुला त्यांना साखर मोजून देते. संघप्रियाला कळलं तेव्हा ती हसली आणि तिने पुस्तकं पाठवली. बुद्धभूषणने क्लास परभणीला नेला. तिथे तो चांगला चालतो. अशोक विजयादशमीच्या सणाला तो गावात येतो, जेवतो, समितीच्या बैठकीला बसत नाही.

धम्मशीलाबाई संध्याकाळी अभ्यासिकेत पोरांचं गणित घेतात. दगड अजून भिंतीत आहे, आणि पोरांनी त्यावरची अक्षरं वायफायचा पासवर्ड म्हणून लावली आहेत. नवा पाहुणा आला, की ती वरची ओळ वाचून विचारतो, "इथे किती जमा आहे?" बाई चष्मा काढतात आणि पेवापासून सांगायला सुरुवात करतात.