तार काढली की तार येते

जिन्यावर चपलांना जागा उरली नाही, तेव्हाच मी ओळखलं की समोरच्या घरात चमत्कार घडतोय.

तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं. एक माझं, दुसरं तारमास्तरांचं. मास्तर तारऑफिसातून निवृत्त झालेले. उभा जन्म कडकट्ट करण्यात गेला. त्यांना जाऊन चार महिने झाले होते. मागे उरल्या वहिनी, माझ्या टेबलावरचा बुद्धिबळाचा अर्धा डाव आणि एक जुना लॅपटॉप. शेवटच्या वर्षात मास्तरांनी त्यात आपल्या आठवणी स्वतःच्या आवाजात बोलून ठेवल्या होत्या. त्याच लॅपटॉपातून हल्ली 'टक' असा आवाज येई.

आत गेलो. टेबलावर लॅपटॉप, भोवती वीसेक माणसं आणि मधोमध गेलेल्यांशी बोलणं करून देणारे संपर्कगुरू.

"आत्मा मुळात डिजिटलच असतो," गुरू सांगत होते. "त्याला फक्त रेंज लागते. आधी तार काढा! चार्जरची तार काढली की वरची तार येते. मशीनला कुणी हात लावायचा नाही. मौन पाळायचं. एक टक म्हणजे हो."

"आणि नाही म्हणायचं असेल तर?" मी विचारलं.

"गेलेली माणसं नाही म्हणत नाहीत, काका. तेवढी समज त्यांना आलेली असते."

वहिनी पुढे वाकल्या. "अहो, चष्मा इथेच राहिला तुमचा. दिसतं ना नीट?"

सगळे श्वास रोखून बसले. टक.

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. जमलेल्यांपैकी कुणाच्याही मनात शंकेची पाल चुकचुकत नव्हती. चुकचुकत होता तो एकटा लॅपटॉप. आणि लपवू कशाला, माझ्याही ओठांवर प्रश्न आलाच होता : मास्तर, चाल तुमची आहे, कधी येताय?

तेवढ्यात गुरूंनीच विचारलं, "मास्तर, हे मशीन कायमचं आमच्या केंद्रात न्यायचं ना?"

टक.

"शनिवारी गाडी पाठवतो," गुरू म्हणाले.

संध्याकाळी वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, आवाज जरा घरघरतोय हो. थकले असतील का ते?"

आत्मा घरघरतो हे मला नवीन होतं. मी नाक्यावरच्या दुरुस्तीवालीला घेऊन आलो. तिने लॅपटॉपला कान लावला, कपाळावर हात मारला आणि चार्जर जोडला. एक मिनिट गेलं, दोन गेली. आवाज नाही.

वहिनींचा चेहरा उतरला. "गेले?"

"कुणी गेलं नाही, मावशी." तिने तार काढली. थोड्या वेळाने टक.

"आत तबकडी फिरते. तिच्यावर साठवलेलं एक बारीक हात वाचत असतो," ती म्हणाली. "बॅटरीवर असला की लॅपटॉप कंजूष होतो. काही सेकंद काम नसलं की हात बाजूला नेऊन ठेवतो, टक! मग आतलंच काहीतरी किरकोळ काम निघतं, हात परत बाहेर. वीज वाचवायची ही सेटिंग मुळातच असते. कुणी विचारत नाही, कुणी बदलत नाही." तिने पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "या हाताला सहा लाख फेऱ्या झेपतील असं धरतात. याच्या पाच लाख ब्याण्णव हजार झाल्यात."

"म्हणजे मी प्रश्न विचारत बसायचे तेव्हा..."

"झिजत होता तो. मोडला असता तर मास्तरांचा आवाजही गेला असता."

वहिनींनी लॅपटॉपवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "एकटा पडला की टक करायचा. माणसासारखाच की."

दुरुस्तीवालीने मास्तरांच्या आठवणींच्या दोन प्रती काढल्या आणि सेटिंग बदलली.

शनिवारी गुरू आले. "तार काढा!"

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "चाळीस वर्षं ते तारेवरच बोललेत."

लॅपटॉप मुका. गुरू म्हणाले, "आज आत्म्याचा मूड नाही."

तेव्हा दुरुस्तीवालीने पिशवीतून दुसराच एक लॅपटॉप काढला. "हा भंगारातला. याचा मालक जिवंत आहे, चौकात लोकांचे दात काढतो." तिने तो बॅटरीवर सुरू करून ठेवला आणि गर्दीला आतल्या हाताची सगळी गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाली, "आता गप्प बसा. काका, तुम्ही विचारा."

मी विचारलं, "गुरू थापा मारतात का?"

टक.

हशा ओसरेपर्यंत जिन्यावरच्या चपलांतला एक जोड कमी झाला होता.

माणसं पांगली. वहिनींनी मास्तरांचा आवाज लावला. सुरुवातीलाच मास्तर म्हणाले, "अगं, खिडकी लाव, रहदारी फार आहे." वहिनी उठल्या आणि खिडकी लावून आल्या. मी भिंतीकडे पाहत बसलो.

तुमच्याही घरी एखादं गेलेलं माणूस बोलू लागलं, तर एवढंच करा. आवाज कशातून येतो, कधी येतो आणि काय केलं की थांबतो, हे बघा. गुरू जिथे हात लावू देत नाही, तिथे आधी हात लावा. आणि उत्तर हवंच असेल तर जिवंत माणसाचं दार वाजवा. ते नाहीसुद्धा म्हणू शकतं, म्हणून त्याच्या होला किंमत.

परवा माझ्या दारावर टक झालं. दारात वहिनी.

"यांचा अर्धा डाव तुमच्याकडे पडलाय ना? मला काही येत नाही. शिकवाल?"

मी पटावर बोट आपटलं. एकदाच.