हलव्याच्या हाराविषयी एक खुलासा

“शनिवारी दुपारी दालनास भेट देणाऱ्या एका ज्येष्ठ महिला अभ्यागताकडून ‘पहिली संक्रांत’ या कलाकृतीतील एक घटक अनवधानाने सेवन केला गेला. पारंपरिक गृहसंस्कृतीतून आलेल्या व्यक्तीस कलावस्तू आणि खाद्यपदार्थ यांतील सीमारेषा ओळखणे अवघड जाऊ शकते, याची दालनास सहानुभूतिपूर्वक जाणीव आहे. संबंधित महिलेविषयी दालनाच्या मनात कोणताही आकस नाही.”

बडोद्याच्या अलकापुरीतल्या अश्वत्थ कलादालनाने प्रसृत केलेले हे निवेदन मी अनेकदा वाचले, आणि प्रत्येक वाचनात त्यातले एकेक विधान गळून पडत गेले.

‘अभ्यागत’ हा शब्द प्रथम घेऊ. त्या दुपारी तिथे गेलेली स्त्री म्हणजे माझी पत्नी वसुंधरा, आणि कलाकृती होती माझ्या धाकट्या भावाच्या बायकोची, म्हणजे मोहनाची. दोघी सख्ख्या जावा. कारेलीबागेत एकाच सोसायटीत, एका जिन्याने जोडलेल्या दोन मजल्यांवर त्या बावीस वर्षे राहत आहेत. जिला मोहनाच्या फ्रीजमध्ये काय आहे हे मोहनाच्या आधी ठाऊक असते, तिला अभ्यागत म्हणणे हे अज्ञान तरी आहे किंवा शिष्टाचार तरी. दोन्ही सारख्याच दर्जाचे.

‘अनवधानाने’. वसुंधरेने कलाकृतीतला हलव्याचा हार भिंतीवरून उतरवला, समोरच्या बाकावर बसली, मांडीवर रुमाल पसरला आणि दोऱ्यातून एकेक दाणा सोडवून तो सबंध हार खाल्ला. दोरा शिल्लक राहिला. तो तिने नीट गुंडाळून बाकावर ठेवला. एवढा वेळ टिकणारे अनवधान मी फक्त विद्यापीठीय चर्चासत्रांत पाहिले आहे.

राहता राहिली ‘सीमारेषा’. कलावस्तू कोठे संपते आणि इतर वस्तू कोठे सुरू होते, या एका प्रश्नावर मी एक ग्रंथ लिहिला आहे. त्यात कलेची चार लक्षणे सांगून त्यांतल्या तिहींना मीच पुढे अपवाद दाखवले आहेत. मला अवघड गेलेली ती रेषा दालनाचे संचालक समरजित यांना स्वच्छ दिसत असेल तर त्यांनी ती कृपया आखून दाखवावी. ग्रंथ मी मागे घेईन. मोहनाच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी लेख मागताना मात्र त्यांना माझे नाव आठवले नाही. तो लेख दिल्लीच्या एका तरुण विदुषीने लिहिला. उत्तम लिहिला आहे. माझ्या ग्रंथातले चौथे लक्षण तिने स्वतंत्रपणे शोधून काढले आहे, आणि तिच्या वयाच्या मानाने ही गोष्ट कौतुकास्पदच म्हणायला हवी.

ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवतात आणि तिच्या अंगावर हलव्याचे दागिने घालतात. तीळ किंवा खसखस मंद आचेवर परातीत घेऊन त्यावर साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचे. हात हलका असेल आणि हवा कोरडी असेल तर दाण्यांना काटा येतो. असे दाणे ओवून हार, बिंदी, बाजूबंद, कंबरपट्टा करायचे. सूनबाई नटते, बायका हळदीकुंकू घेतात, फोटो निघतात; मग दागिने मोडतात आणि पोरे खातात. बडोद्याच्या मराठी घरांत हे दागिने वसुंधराच करते. दांडिया बाजारापासून आमच्या कारेलीबागेपर्यंत गेल्या दोन पिढ्यांतल्या कित्येक सुना तिचा हलवा अंगावर घालून उभ्या राहिल्या, आणि त्यातला एक दाणाही आज अस्तित्वात नाही.

मोहना ललितकलेची पदवीधर. गेल्या हिवाळ्यात ती सकाळी वर आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागली. “ताई, मला शिकवा ना.” वसुंधरेने मनापासून शिकवले. मोहनाच्या दाण्यांना काटा आला नाही. पाक करपला, दाणे गुळगुळीत, तपकिरी, काही काळपट झाले. वसुंधरा म्हणाली, “टाकून दे ग, परत करू.” मोहनाने टाकले नाहीत. त्याच दाण्यांचा तिने पूर्ण साज ओवला आणि पांढऱ्या भिंतीवर, जणू आत कोणी स्त्री उभी आहे अशा उंचीवर, रिकामाच टांगला. पुस्तिकेतल्या लेखात काट्याच्या अभावाला ‘काट्याचा नकार’ म्हटले आहे. स्वयंपाकात जे बिघडते त्याला नकार म्हणता येते, हे कळल्यापासून आमच्या घरातल्या पोळ्यांकडेही मी नव्या आदराने पाहू लागलो.

दिल्लीच्या एका संग्रहालयाने तो साज कायमच्या संग्रहासाठी निवडला. बातमी आली त्या संध्याकाळी शुभंकर, माझा भाऊ, कोयलीच्या रिफायनरीतून थेट पेढे घेऊनच आला. वसुंधरेने पेढा घेतला. “कायमचा म्हणजे किती वर्षं रे?” तिने विचारले.

“कायमचा म्हणजे कायमचा, वहिनी. थंड हवेत, काचेत. आपण नसू, तो असेल.”

“छान,” ती म्हणाली, आणि तो पेढा तिने परत खोक्यात ठेवला.

पुढच्याच शनिवारी ती एकटी रिक्षा करून अलकापुरीला गेली.

आता साक्ष. दालनाचे सुरक्षारक्षक हार्दिकभाई दाराशी उत्तरायणात पतंगाच्या दोऱ्याने कापलेल्या बोटाची पट्टी बदलत होते. आत आल्यावर त्यांनी जे पाहिले ते मला प्रत्यक्ष सांगितले. ते ओरडले, “अरे मासी, आ खावानुं नथी!” मावशी, हे खायचे नाही. त्यावर माझ्या पत्नीने मान वर न करता उत्तर दिले, “खबर छे, भाई.” ठाऊक आहे, भाऊ. गुजरातीतल्या या दोन शब्दांनी निवेदनातला ‘अनवधान’ हा शब्द निकालात निघतो. समरजितांनी ही साक्ष ऐकली होती. तरीही त्यांनी निवेदन बदलले नाही, कारण विमा कंपनी अज्ञानाची भरपाई देते, हेतूची देत नाही; आणि घटना अपघाती ठरली तरच संग्रहालय नवा हार जोडलेला साज स्वीकारणार होते. म्हणजे माझी पत्नी भोळी ठरली तर मोहना दिल्लीला जाणार, आणि शहाणी ठरली तर मोहनाची निवड रद्द होणार. वसुंधरेने निवेदनाला फक्त होकार द्यायचा होता.

त्यासाठी आठवड्याभराने रविवारी दुपारी सगळे आमच्या दिवाणखान्यात जमले. तळमजल्यावरच्या ट्यूशन क्लासची पोरे पाढे म्हणत होती. समरजित माझ्या पुस्तकांच्या कपाटाला पाठ करून बसले होते.

“काकू, काही टेन्शन घेऊ नका,” ते म्हणाले. “तुम्हाला मिठाई वाटली, इतकंच. होतं असं. माझ्या आईला तर आमचं अर्धं कलेक्शन भंगार वाटतं.”

“तुमची आई हुशार आहे,” वसुंधरा म्हणाली.

शुभंकर हसला. मोहना हसली नाही. ती प्रथमच जावेकडे सरळ पाहत होती. “ताई, एकदा ‘हो’ म्हणा ना. मी तुम्हाला काही विचारणार नाही. कधीच विचारणार नाही.”

“नको विचारूस.”

“वहिनी, काय हट्ट लावलाय!” शुभंकर म्हणाला. “‘हो, वाटलं मला लाडूसारखं,’ एवढं बोलायचं, की विषय संपला. चहा प्यायचा, हसायचं, छोडो ने!”

“बावीस वर्षांत माझ्या हातचं खाऊन तुला लाडू आणि हलवा यातला फरक कळला नाही, आणि मला म्हणतोयस मला कळत नाही म्हणून?”

याच ठिकाणी मी बोललो. मी शांतपणे आणि सविस्तर बोललो. मला दुसऱ्या रीतीने बोलता येत नाही. मी म्हटले की निवेदन चुकीचे आहे आणि अपमानकारकही आहे, पण सत्य त्याहून अधिक रोचक आहे. हलव्याचा दागिना मोडला गेला आणि खाल्ला गेला, तेव्हाच तो पूर्ण होतो. नाश हा त्याच्या रचनेचाच शेवटचा टप्पा आहे. मोहनाने तो टप्पा काढून टाकला, म्हणजे तिने रूढीचा आकार उचलला आणि अर्थ मागे ठेवला. वसुंधरेने भिंतीसमोर बसून जे केले ते अज्ञान नव्हते, अपराधही नव्हता. ती कृती त्या कलाकृतीचे राहून गेलेले वाक्य होते. कठोर निकष लावला तर त्या शनिवारी दालनात घडलेली खरी कला बाकावर घडली, भिंतीवर नाही.

मोहनाचा चेहरा उतरला. तो उतरताना मी पाहिला आणि माझे वाक्य मुद्दाम थोडे लांबवले.

समरजित मात्र उठून उभे राहिले. “सर! हे ग्रेट आहे! हे आधी का नाही बोललात? काकू, तुम्ही परफॉर्म केलंत! आपण निवेदनच बदलू. अपघात नाही, सहभाग. संग्रहालयाला दोन नावं कळवू: मोहना आणि वसुंधरा. तो दोरा आहे अजून, तो पण फ्रेम करू. आणि सर, लेख तुम्हीच लिहा.”

ज्या लेखाची मी वाट पाहत होतो तो माझ्या दिवाणखान्यात, माझ्या पत्नीच्या पोटातून, असा चालत आला. दहा मिनिटांपूर्वी जी बाई मिठाई ओळखण्याइतकीही सुजाण नव्हती ती आता समकालीन कलावंत झाली होती. मध्ये काही घडले नव्हते. फक्त मी बोललो होतो. ज्या व्याख्येत हे बसते त्या व्याख्येत काय बसत नाही, असा प्रश्न मी इतरांच्या पुस्तकांवर लिहिताना नेहमी विचारतो. त्या दुपारी मी तो विचारला नाही. मी समरजितांना म्हटले, “शब्दमर्यादा किती?”

“अहो, जरा थांबा,” वसुंधरा म्हणाली.

ती उठली. मोहनाच्या शेजारी जाऊन बसली, पण तिला स्पर्श केला नाही. मोहना हळूच म्हणाली, “ताई, दोन नावं मला चालतील. खरंच चालतील. तुम्हीच तर शिकवलंत.”

“तुला चालतील ग. मला नाही चालणार.”

“का?”

“तू केलेला हार होता तो. मी शिकवलं ते तू टाकून दिलंस आणि मग तो झाला. त्यात माझं काही नाही. तेच तर आहे.”

समरजित फोन काढून म्हणाले की काकूंचे म्हणणे रेकॉर्ड करायला हरकत आहे का. मी त्यांना खूण केली की नको. या वळणावर कोणाचेही म्हणणे लेखाला उपयोगी पडणार नाही, हे मला दिसू लागले होते. वसुंधरेने माझी खूण पाहिली. “करा रेकॉर्ड,” ती म्हणाली. “आणि ह्यांना नंतर त्यात शब्द घालू देऊ नका.”

शुभंकर म्हणाला, “वहिनी, विचार करा. मोहनाचं सगळं जाईल.”

“माहितीये,” ती म्हणाली, आणि मोहनाकडे वळली. “तुझं जाईल ते माझ्यामुळे जाईल, मी येडी म्हणून नाही. एवढं तरी तुला मिळू दे.”

मोहनाने समरजितांच्या हातातला फोन घेऊन जावेसमोर धरला. मग म्हणाली, “बोला, ताई.”

संग्रहालयाने निवड मागे घेतली आहे. दालनाने आपले निवेदन मात्र अद्याप मागे घेतलेले नाही, आणि गावात माझी पत्नी अजूनही मिठाईला भुललेली एक बिचारी बाई म्हणून सांगितली जाते. म्हणून तिच्याच परवानगीने त्या दुपारी रेकॉर्ड झालेला तिचा जबाब येथे देत आहे. त्यातला एकही शब्द मी सुधारलेला नाही, जरी काही ठिकाणी हात शिवशिवला.

“मी वसुंधरा. हार मी खाल्ला. खायचा नाही हे ठाऊक होतं. ह्यांनी आत्ता जे रूढीबिढीचं सांगितलं ते माझ्या डोक्यातही नव्हतं, अर्धं तर मला कळलंही नाही. मी हसायला म्हणून गेले होते. म्हटलं, करपलेला हलवा लोक बघताहेत, आपणही बघू. पण समोर उभी राहिले आणि मला माझी पहिली संक्रांत आठवली. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि माझ्या मनात काय चाललंय ते एकीनेही विचारलं नव्हतं. मी इतक्या मुलींना सजवलं, पण मला स्वतःला ते कधी आठवलं नव्हतं. तिच्या त्या रिकाम्या साजाने आठवलं. वाईट असता तर मी हसून घरी आले असते. चांगला होता. माझ्या हातून तसा कधी होणार नाही, आणि तो राहणार होता. म्हणून खाल्ला. अर्ध्यावर थांबता आलं असतं. थांबावंसं वाटलं नाही.”