दुप्पट चालीत

मावशीला नाचाचं वेड लहानपणापासून होतं आणि घरच्यांनी ते वेळच्या वेळी ठेचलं होतं. थोरली ताई दिसायला उजवी, म्हणून शिकवणी तिला लावली. धाकटीने दाराबाहेर ताईच्या चपला सांभाळत जमेल तेवढं उचललं. पुढे ताईने नाच सोडून दिला, हिने मात्र धरून ठेवला, तोही स्वयंपाकघराचं दार लावून. दिवसभर दंतवैद्याच्या दवाखान्यात रोग्यांची नावं पुकारायची आणि घरी भांडी विसळताना ताल धरायचा, असं करत ती पंचेचाळिशीला टेकली. एकदा तरी आपल्याला कोणी नाचताना नीट बघावं, एवढीच तिची इच्छा होती, आणि त्यातही ताईने बघावं.

ताईचा मुलगा सिनेमाचं शिक्षण घेत होता. परीक्षेसाठी त्याला गाण्याचा व्हिडिओ करायचा होता आणि ठरलेली नाचणारी मुलगी ऐन वेळी पळाली होती. अडला हरी कोणाचे पाय धरतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी त्याने मावशीला एकदा दाराच्या फटीतून पाहिलं होतं, त्याची आठवण काढून त्याने तिला अशी काही हरभऱ्याच्या झाडावर चढवली की तिने दवाखान्यातून रजाच टाकली. नवरा म्हणाला, जा, पण नाचता येईना अंगण वाकडं म्हणत परत येऊ नकोस.

भाच्याने युक्ती समजावली. गाणं संथ होतं. शूटिंगच्या वेळी ते दुप्पट वेगाने वाजवायचं, मावशीने त्या दुप्पट चालीत नाचायचं आणि कॅमेऱ्यानेही दुप्पट वेगाने टिपायचं. मग पडद्यावर सगळं निम्म्या वेगाने दाखवलं की नाच बरोबर गाण्यात बसतो, पण केस, झग्याचा घेर, हात, सगळं पाण्यातल्यासारखं तरंगतं.

"मावशी, तू पिसासारखी दिसशील," तो म्हणाला. हे वाक्य तिने पुढे महिनाभर पुरवून पुरवून खाल्लं.

शूटिंग कॉलेजमागच्या पोहण्याच्या तलावात झालं. दुरुस्तीसाठी पाणी काढून तो कोरडा केला होता. तळाला उतार होता, म्हणजे इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, पण मावशीने तक्रार केली नाही. दुपारपर्यंत निळ्या फरश्या तापल्या. छत्री एकच होती आणि ती कॅमेऱ्यावर धरली होती. कॅमेऱ्यामागे भाच्याची मैत्रीण होती, तिला सगळे चष्मिष म्हणत. भाचा काठावरून ओरडे, "पुन्हा." काय चुकलं ते सांगत नसे. बहुधा त्यालाही माहीत नसावं. गाणं चिवचिवाट करत धावायचं आणि मावशी अनवाणी त्याच्यामागे धावायची. उताराला एकदा ती गुडघ्यावर आपटली. उठून तिनेच भाच्याची माफी मागितली, तुझा वेळ गेला रे म्हणाली.

पुढचं तिला कळलं नाही, पण आपल्याला कळलेलं बरं. सकाळी त्याच कॅमेऱ्यावर कोणाची तरी मुलाखत घेतली होती, साध्या वेगाने. वेग बदलायचा राहिला. चष्मिषला वाटलं भाच्याने बदलला, भाच्याला वाटलं तिने. संकलनाच्या खोलीत दोघांनी पाहिलं तर पडद्यावर तापल्या तव्यावर सोडलेली एक बाई होती. ते चित्र संथ केलं की अडखळत, धक्के खात चालायचं. तलाव तोवर भरला होता आणि परीक्षा तोंडावर आली होती. भाचा डोकं धरून बसला. मग चष्मिषला हसू फुटलं, आणि थोड्या वेळाने त्यालाही. त्यांनी चित्र होतं तसंच ठेवलं, गाणंही चिवचिवाटाचंच ठेवलं, आणि गुडघ्यावर आपटणं तीनदा दाखवलं. मावशीला काय सांगायचं यावर भाच्याने दोन दिवस विचार केला आणि काहीच सांगितलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सभागृहात मावशीने ताईला मुद्दाम शेजारी बसवलं, पलीकडे नवरा बसला. दिवे मालवले. पहिल्यांदा हशा पिकला तेव्हा कशाला हसताहेत म्हणून तिने मागे वळून पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. मग ताईकडे. ताई डोळे पुसत होती, हसून हसून.

"अगं, हे विनोदाचं अंग तुझ्यात आहे हे कधी बोलली नाहीस," ताई म्हणाली आणि तिच्या सुजलेल्या गुडघ्यावर थाप मारली.

परीक्षक सरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. इतकी निर्भेळ विनोदी कल्पना विद्यार्थ्यांना सहसा सुचत नाही, असं ते म्हणाले. भाच्याने ती कल्पना मान खाली घालून स्वीकारली. मग सरांनी कलाकारालाही वर बोलावलं.

मावशी लंगडत वर गेली. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. भाचा माइकपासून दूर होऊन पुटपुटायला लागला, मावशी, नंतर सांगतो सगळं.

"गाणं लाव," ती म्हणाली. "मूळ चालीतलं."

त्याने लावलं. मावशीने चपला काढल्या आणि नाचायला लागली. इतकी वर्षं दाराआड जे साठवलं होतं ते सगळं तिने हळूहळू बाहेर काढलं. सभागृह गप्प झालं. तिने पहिल्या रांगेत पाहिलं. ताईचं हसू ओसरलं होतं, तोंड किंचित उघडं होतं, आणि ताई बघत होती. नीट बघत होती.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "स्लो मोशन!"

मग काय, सभागृह कोसळलं. पोरं बाकं बडवायला लागली. सर मान हलवत म्हणाले, वा, काय टायमिंग. नवऱ्याने मोबाइल काढून वर धरला. हीसुद्धा गंमतच, असा ताईला आता कुठे उलगडा झाला, तिने स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली. मावशीचा हात हवेत होता. तो खाली आणायला चालीप्रमाणे वेळ लागत होता. गाणं अजून अर्धं बाकी होतं आणि ते संथ होतं.