एका डोळ्याची सवलत

यंदा सवलत नामंजूर झाली आहे, असं खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करताच सांगितलं आणि शुक्राचार्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शुक्राचार्य हे त्याचं ट्रकतळावरचं नाव. डावा डोळा गेलेल्या ड्रायव्हरला तळावरची पोरं दुसरं काय म्हणणार? ताडपत्री आवळताना रबरी दोराचा आकडा सटकून डोळ्यात शिरला, त्याला इतकी वर्षं झाली होती की त्याचं खरं नाव आता फक्त लायसनवर आणि सासुरवाडीत उरलं होतं.

नियम असा की अवजड गाडी चालवायची तर दोन्ही डोळे धड हवेत. एकच असेल तर परिवहन मंडळाकडे सवलत मागायची. त्यासाठी दरवर्षी डोळ्याची तपासणी करायची, शेजारी परीक्षक बसवून रस्त्यावर गाडी चालवून दाखवायची, आणि मधल्या काळात नावावर एकही अपघात नको. शुक्राचार्य हे सगळं बिनतक्रार करत आला होता. गाडी हलवण्याआधी तो प्रत्येक वेळी खाली उतरून तिच्याभोवती पूर्ण फेरी मारायचा. बाकीचे त्याला हसायचे, गुरुजींची प्रदक्षिणा चालू आहे म्हणायचे. हसोत बापडे. त्याने आजवर साधी मांजरसुद्धा चाकाखाली घेतली नव्हती.

मग अपघात कुठला? तर तो टोलनाक्याच्या रांगेत उभा असताना मागून एक कार येऊन आदळली होती. कारवाला मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता आणि त्याने ते तिथल्या तिथे कबूलही केलं होतं. पण मंडळाच्या लेखी अपघात झाला किंवा नाही झाला, एवढंच. चूक कोणाची, हे विचारायची त्यांना गरज वाटत नव्हती. मी उभ्या जागेवरून गाडीसकट उडून जायला हवं होतं का, असं शुक्राचार्याने विचारलं. कारकुनाने अपील करा म्हणून सांगितलं आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

गाडी रिकामी उभी ठेवणं मालकाला परवडणारं नव्हतं. त्याने दुसऱ्याच दिवशी किल्ली शुक्राचार्याच्या मेहुण्याच्या हातात दिली. हा बायकोचा धाकटा भाऊ. माणूस गोड, हसतमुख, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला डोळे दोन होते, मंडळाच्या दृष्टीने दोन्ही उत्तम. प्रत्यक्षात दोन्हीकडे मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशन करून घे, दोन-तीन महिन्यांत मोकळा होशील, असं शुक्राचार्य त्याला कानीकपाळी ओरडून सांगत होता. पण तेवढे दिवस घरी बसलो तर माझी जागा दुसरा घेईल, हे त्याचं ठरलेलं उत्तर. आता जागा त्यानेच दुसऱ्याची घेतली होती.

तो तपासणीत पास कसा होत होता, हे तळावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता सगळ्यांना तोंडपाठ होता. मध्यंतरी डॉक्टरांनी तो बदलला, तेव्हा तळावर रडारड झाली होती. दोन डोळेवाल्यांची तपासणी कधीतरी व्हायची, शुक्राचार्याची मात्र दरवर्षी. त्याने आपल्या एका डोळ्याने नवा तक्ता अगदी तळच्या बारीक ओळीपर्यंत वाचला, डोक्यात ठेवला आणि चहाच्या टपरीवर बसून एकेकाकडून घोकून घेतला. दोन डोळ्यांची माणसं त्याच्यापुढे बाराखडी गिरवत बसायची, याची त्याला तेव्हा भारी मौज वाटली होती. मेहुणा तर पहिल्या बाकावरचा विद्यार्थी.

अपिलाची तारीख लागली तेव्हा शुक्राचार्य घरात फणफणत फिरत होता. आपण तिथे सगळं ओकणार, एकूणएक नाव घेणार, असं त्याने बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आणि त्याला पाठ कोणी करून दिलं?" तिने विचारलं.

त्याच्या फेऱ्या थांबल्या.

"तुमचं गेलं, त्याचं मला दुःख नाही असं समजू नका," ती म्हणाली. "पण माझ्या भावाच्या पोटावर पाय आणलात, तर मला तोंड दाखवू नका."

तिचंही बरोबरच होतं. भावाच्या घरी पाच माणसं खाणारी आणि मिळवता हात एकच. इथे निदान तिची शिलाई तरी होती. शुक्राचार्याने तिला शब्द दिला. वर तिच्यावर चिडलाही, कारण शब्द देताना माणसाला दुसरं काही करता येत नाही.

सुनावणीच्या दिवशी मेहुण्याची खेप त्याच बाजूला होती. दाजी, मी सोडतो, वेळेत पोचवतो, असं म्हणत त्याने आग्रहाने शुक्राचार्याला केबिनमध्ये बसवलं. आपल्याच गाडीत शुक्राचार्य पहिल्यांदा पाहुण्यासारखा बसला. त्याने लावून घेतलेला जादा आरसा मेहुण्याने काढून टाकला होता. नुसती अडचण होत होती म्हणे. निघण्यापूर्वी गाडीभोवती फेरी मारायचा तर प्रश्नच नव्हता.

सिग्नल लाल झाला, गाडीचा वेग कमी होईना, तेव्हा शुक्राचार्य म्हणाला, लाल आहे. पुढे म्हणाला, डावीकडे सायकलवाला आहे. मग म्हणाला, खड्डा. त्यानंतर त्याचं तोंड मिटलंच नाही. मेहुणा हसत होता, तुम्हाला शेजारी बसायची सवय नाही दाजी, म्हणत होता. ऊन समोरून आलं की तो काचेकडे वाकून बघायचा आणि अंदाजाने चाक फिरवायचा. रस्ताभर गाडी शुक्राचार्यच चालवत होता, फक्त तोंडाने.

मंडळाच्या कचेरीत, आत लांब टेबलामागे तिघं बसली होती. एक डोळ्यांचे डॉक्टर, एक इंजिनियर आणि मधोमध, खिडकीकडे पाठ करून अध्यक्षबाई. त्यांनी त्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्याची तारीफसुद्धा केली. मग अध्यक्षबाई म्हणाल्या की सहानुभूती आहे, पण अपघाताची अट शिथिल करण्याचा अधिकार या समितीला नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा.

"मग कोणत्या समितीला आहे?" शुक्राचार्याने विचारलं. अध्यक्षबाईंनी त्याची फाइल मिटून पुढे सरकवली.

"मी लपवलं नाही, म्हणून तुम्ही मला धरलंत," तो म्हणाला. "दोन डोळ्यांचे आंधळे तुम्ही पास करता. त्यांना तुमचा तक्ता पाठ आहे."

"नाव सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "नाव नसेल तर ही नुसती कुचाळकी आहे."

नाव त्याच्या जिभेवर होतं. पण बायकोला शब्द दिला होता. कुचाळकी, तर कुचाळकी. त्याने आपली फाइल उचलली आणि बाहेर पडला.

आवार उन्हाने भरलं होतं. माणसं अर्ज घेऊन इकडून तिकडे चालली होती, गाडीच्या पुढून, मागून, अगदी चाकांना खेटून. मेहुणा दरवाज्यापाशी कपाळावर हात धरून उभा होता. शुक्राचार्य सरळ त्याच्या दिशेने गेला. दोघांमध्ये गाडीच्या लांबीइतकंही अंतर उरलं नाही, तेव्हा मेहुण्याने त्याच्याकडे बघून अदबीने विचारलं, "साहेब, आत सुनावणी होती, ती संपली का? आमचे दाजी आहेत आत."

शुक्राचार्य जागच्या जागी थांबला. हा माणूस आता दुपारच्या उन्हात, या गर्दीतून गाडी मागे घेणार होता. आणि याला शिकवून, पढवून, पास करून इथवर आणणारा गुरुजी आपणच. मंडळाचा, कारकुनाचा, त्या कारवाल्याचा सगळा राग एका क्षणात फिरला आणि त्याच्याच अंगावर आला.

त्याने मेहुण्याचं कोपर धरलं आणि त्याला ओढतच परत आत नेलं. शिपाई मध्ये पडला, त्याला न जुमानता दार ढकललं आणि मेहुण्याला टेबलासमोर उभं केलं.

"हा नुकताच तुमच्या तपासणीत पास झालाय," तो म्हणाला. "माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. तक्ता मी पाठ करून दिला, माझ्यावर काय करायची ती कारवाई करा. पण आधी त्याला विचारा, समोर किती माणसं बसलीत."

"दाजी, हे काय चालवलंय?" मेहुणा हळूच म्हणाला.

"सांग."

मेहुण्याने डोळे बारीक केले. खिडकीतून उजेडाचा लोट येत होता. त्याने मान पुढे केली, एका टोकाकडे बघितलं, मग दुसऱ्या.

"दोन," तो म्हणाला. "दोन साहेब आहेत."

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. डॉक्टर उठून मेहुण्याजवळ आले, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि गाडीची किल्ली मागितली. किल्ली टेबलावर आली. ती बघताच शुक्राचार्याचा हात सवयीने पुढे गेला.

"तुम्हालाही ती चालवता येणार नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"माहीत आहे," तो म्हणाला. "आता तुम्हीच चालवा."

बाहेर मेहुणा पायरीवर बसला. तो दाजींकडे बघत नव्हता. ताईला तुम्हीच सांगा, एवढंच म्हणाला. शुक्राचार्याने फोन लावला. पहिल्याच घंटेला बायकोने उचलला आणि मिळाली का सवलत, असं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आणि तुझ्या भावाचीही गाडी मी काढून घेतली."

तिने फोन ठेवला नाही. पलीकडचा शिलाई मशीनचा आवाज तेवढा थांबला, आणि शुक्राचार्य फोन कानाला लावून तसाच उन्हात उभा राहिला.