दोरीवरची गिऱ्हाइकं

परटीण सकाळपासून नवऱ्यावर उखडली होती, कारण तो बाबा सुताराचे कपडे दोरीवरून काढ म्हणत होता. तो म्हणणार आणि ही ऐकणार? नाव नको.

"अगं, पाहणीवाले साहेब परत येतायत," परीट समजावत म्हणाला. "एक दिवस दोरी रिकामी राहिली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"ते कोसळून झालंय," परटीण म्हणाली आणि पुढचा सदरा झटकला.

झालं होतं असं. पुरानं खालचं गाव नेलं आणि सरकारनं वर माळावर नवं गाव बसवलं. घरं छान, एका ओळीत, पत्रे चकचकीत. पण आखणाऱ्यानं कुणाला विचारलं नाही की बाबांनो, तुमचं पोट कशावर चालतं? टँकरचं पाणी प्यायला पुरेना, तिथं गावाची धुणी कशानं धुणार? नदी राहिली पार खाली, गाठोडी डोक्यावर घेऊन उतरायचं आणि ओली घेऊन चढायचं. परटानं साहेबांकडं एकच मागणं केलं होतं, नदीकाठी धुण्याचे दगड आणि वर एक शेड. ती मिळाली तर इथं राहायचं, नाहीतर शहरात जाऊन दुसऱ्याच्या लाँड्रीत राबायचं.

साहेब पहिल्यांदा आले तेव्हा दोरी भरलेली. सुताराचे सदरे, सुतारणीची पोलकी, पोरीचा पिवळा फ्रॉक. साहेब खूश झाले. "धंदा जोरात आहे की तुमचा. शेड कुणा गरजवंताला देऊ," म्हणाले आणि गेले.

परीट सांगणार तरी काय? पूर आला त्या पहाटे त्यानं धुतलेलं गाठोडं छपरावर चढवलं. शेजारचं सुताराचं घर माणसांसकट गेलं, आणि त्यांचं गाठोडं राहिलं. परटीण अजून ते नदीवर नेते, धुते, वाळवते, इस्त्री करते. गिऱ्हाइकाचा कपडा मळका ठेवायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं. सुताराच्या घरची खूण म्हणून गळपट्टीवर लाल दोऱ्याचे टाके असत. ते विरले की नवे घालते. वारं सुटलं की सदऱ्याच्या बाह्या भरतात आणि परीट तिकडं पाठ करून जेवतो. भितो तो, उगाच खोटं कशाला बोला. एकदा फ्रॉक दाराशी हलला, तेव्हा परटिणीच्या तोंडून "ये गं आत" निघून गेलं होतं.

शेवटी ती वाकली. "शेडपायी काढते. तुम्ही सांगितलं म्हणून नाही." कपडे घडी करून आत खाटेवर ठेवले.

साहेब आले. "काय हो, आज दोरीवर काहीच नाही?"

"धंदा बसलाय साहेब," परीट घाईनं म्हणाला. "शेड मिळाली तर..."

"अहो, गिऱ्हाईकच नाही तर शेड बांधून करायचं काय?" साहेब अगदी कळवळून बोलले. "धंदा होता तेव्हा मागायची."

"तेव्हाच मागितली होती," परटीण म्हणाली.

"तेव्हा तुमचं चाललं होतं ना पण."

परटिणीला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. "साहेब, ते कपडे ज्यांचे, ती माणसं पुरात गेली. नवरा, बायको, पोरगी."

साहेबांनी एकदा दोरीकडं बघितलं, एकदा दाराकडं. "मग धुता कुणासाठी?"

"तुम्ही ज्यांना धंदा म्हणालात ना, त्यांच्यासाठी."

"हे वर कसं कळवायचं, मला समजत नाही," साहेब पुटपुटले आणि गाडीकडं निघाले.

धूळ खाली बसेपर्यंत दोघं उभी होती. "म्हणजे आता शहर," परीट म्हणाला.

"गाठोडं बरोबर येईल," ती म्हणाली. आत जाऊन तिनं कपडे आणले आणि एकेक दोरीवर टाकायला लागली. परीट आत जाईल असं तिला वाटलं होतं. तो जवळ आला. त्यानं फ्रॉक उचलला.

"हा सावलीत टाक," तो म्हणाला. "उन्हात पिवळा लवकर उडतो. पोरगी रुसेल."